न्हानीत घेतलेलं नाव

ताईनं तिसऱ्यांदा हाक मारली अन् माही पोट्टी वळली नाई.

पयल्यांदा मारली तवा मले वाटलं, ध्यान नसन तिचं. दुसऱ्यांदा मारली तवा तिच्या हातात माही बांगडी होती, मी म्हनलं बांगडीत गुंतली. तिसऱ्यांदा अंगनवाडीची ताई तिच्या पाठीमांगं जाऊन गुडघ्यावर बसली, तोंडापाशी दोन्ही हात लावले अन् अशी वरडली का पत्र्यावरचे कबुतरं उडाले, खिचडी खानारे लेकरं घास तोंडात धरून पाहाले लागले, अन् दाराशी बसलेली आमच्या घरची मोठीमाय, म्हंजे माह्या नवऱ्याची आजी, तीही वळली, जिच्या कानापाशी एरवी ताट वाजवलं तरी तिले ऐकू येत नाई. माही दहा मईन्याची पोट्टी तेवढी बांगडीतून आरपार पाहून राहिली होती, जसा काई बांगडीत टीव्ही लागला.

ताईनं मोबाइलात काईतरी दाबलं. मी इचारलं काय दाबलं. ती म्हने, "नाई" दाबलं. प्रश्नच तसा होता, नावानं हाक मारल्यावर बाळ वळते का, अन् खाली दोनच खाने, हाव अन् नाई. मी म्हनलं, अजून एक डाव मार ना ताई. ती म्हने तीनच डाव माराची असते. मंग तिनं एक चिठ्ठी लिवली अन् मले हळूच सांगतलं का घाबराचं नाई, पन एकडाव कान तपासून घेजो.

कान हा शब्द आयकला अन् त्याच्यापुढचं माह्याच कानात काई गेलं नाई. घाबराचं नाई असं कोनी म्हनलं का मी पयले घाबरतो. अंगनवाडीपासून घर दोन मिनटाचं, त्या दोन मिनटात मी आपले सगळे गुन्हे काढले. पोटुशी असताना गरहनात मी सांभार निवडला होता (सांभार म्हंजे कोथिंबीर, पुन्याची ननंद हसते म्हनून सांगून ठेवतो). बाळंतपनात कानात तेल टाकू नका म्हनून नर्सबाईनं सांगतलं होतं, मायनं टाकलं, अन् मी पाहत राहिली. चुलतदिराच्या वरातीत डीजेच्या मांगं मी तिले कडेवर घेऊन वीसक पावलं चालली, नाचली नाई, चालली. अन् सगळ्यात मोठं म्हंजे दुपारी ती रडे तवा मी मोबाइल लावून तिच्यापुढं ठेवे अन् तेवढ्यात भाकरी टाकून घेये. मोबाइलचा आवाज मोठा ठेवे. आता ते समदं माह्यापुढं एकाखाली एक असं दिसाले लागलं जसा परीक्षेचा कागद, अन् मी तं नववीतूनच घरी बसलेली.

मोठीमाय काठी टेकत संगं चालून राहिली होती. अर्ध्या वाटंवर तिनं इचारलं, "त्या ताईनं मले काहून हाक मारली व?"

हे आता सांगाच लागन, नाई तं तुमाले पुढचं काईच समजनार नाई. माह्या पोट्टीचं नाव अन् मोठीमायचं नाव एकच हाय.

हे कोनी ठरवून नाई केलं. आमच्यात सून सासूचं नाव तोंडातून काढत नाई. सासऱ्याचं नाई, नवऱ्याचं नाई, अन् आजेसासूचं तं अजिबातच नाई. माही सासू या घरात आली तवापासून तिनं मोठीमायचं नाव घेतलं नाई, मायनं घेतलं नाई म्हनून लेकराइनं आयकलं नाई, सगळे मोठीमायच म्हनत. ते नाव घरात एका रेशनकारडावर होतं अन् रेशनकारड सासऱ्याच्या पेटीत. म्हंजे माह्या ननंदेनं आपल्या सख्ख्या आजीचं नाव जलमात आयकलं नव्हतं.

बारशाले ननंद पुन्यावरून आली. नाव ठेवाचा मान आत्याचा. तिनं मोबाइलवर मईनाभर शोधून एक नाव आनलं होतं, सध्या पुन्यात जुने नावंच फॅशनमधे हायत म्हने. कोनाले आधी सांगतलं नाई, सांगाचंच नसते. पाळन्यात वाकून तिनं लेकराच्या कानात कुर्रर्र केलं, बायाइनं रिवाजापरमानं तिच्या पाठीत धपाधप बुक्क्या घातल्या, अन् ननंदेनं ताठ होऊन मोठ्यानं नाव सांगतलं. बायाइनं टाळ्या वाजवाले हात उचलले, अन् कोपऱ्यातल्या बाजेवरून मोठीमाय म्हने, "काय व, जेवन झालं का?"

टाळी कोनी वाजवलीच नाई. सासूच्या हातातलं घुगऱ्याचं ताट जिथल्या तिथं. सासऱ्यानं एकडाव ननंदेकडं पाह्यलं अन् बाहीर जाऊन बसले. कानात सांगून झालेलं नाव मांगं घेता येत नाई, असं सगळ्या बायाइचं एकमत पडलं. अन् दुसऱ्या दिवशी ननंदेनं माह्या नवऱ्याले गाडी काढाले लावली, तालुक्याले, तिवस्याले गेली अन् जन्माच्या दाखल्यावरही तेच लिवून आली. तिले वाटलं आपन जाता जाता एक काम करून दिलं.

तवापासून माह्या पोट्टीले घरात नावच नव्हतं. म्हंजे होतं, कागदावर होतं. मी घेऊ शकत नाई, आजेसासूचं. सासू घेऊ शकत नाई, सासूचं. सासरे घेत नाई, मायचं नाव लेक कसा घेईन. नवरा म्हने मले काई अडचन नाई, पन त्यानंही कधी घेतलं नाई, त्याले लाज वाटे. मंग ज्याले जे सुचलं ते. सासू म्हने चिमने. सासरे म्हनत वाघोबा. नवरा कापसाच्या जिनिंगमधून आला का म्हने, काय बॉस. माही माय अकोल्यावरून फोनवर म्हने, माही सोनपापडी कुठं हाय. शेजारची काकू म्हने भुरे. मोठीमाय म्हने ढबू. अन् मी तिची माय, मी म्हनो, "ए." नुसतं ए. इंजेक्शनाच्या दिवशी नर्सबाईनं इचारलं बाळाचं नाव काय, मी कारड पुढं केलं. तिनं कारड वाचलं नाई, मलेच परत इचारलं, मी परत कारड पुढं केलं. ती दुसरीले म्हने, बिचारी मुकी दिसते.

चिठ्ठी भेटली त्याच्या दुसऱ्या दिवशी ताई घरी आली. सासू वावरात गेली हे पाहूनच आली असन. ताई तीन गावं पल्याडची, तिचं आमच्या घराशी काई नातंगोतं नाई, म्हनून ती ते नाव बिनधास्त घेते. मी तिले सगळं सांगतलं, रडत रडत, मधे दमच घेतला नाई, गरहन, तेल, डीजे, मोबाइल अन् नाव. नावापाशी ती थांबली. मले म्हने परत सांग, घरात कोन काय म्हनते. अन् बोटावर मोजाले लागली. चिमनी झाली, वाघोबा झाला, बॉस झाला, असे सहा, अन् माहं ए धरून सात. पयले ती हसली. मंग हसली नाई.

"कान तं तपासाचेच हायत," ती म्हने, "पन सात जनं सात नावानं बोलवतेत, त्या लेकरानं समजावं कसं का आपन कोन हावो?"

मंग ती भुईवर बसली अन् तिनं खेळाले शिकवलं. मले शिकवलं, पोट्टीले नाई. मले वाटे खेळनं म्हंजे खुळखुळा लेकराच्या हाती देनं अन् आपलं काम करनं. ताई म्हने खेळाले दोघं लागते. तिनं पदर तोंडावर घेतला, काढला, "कुक" केलं, पोट्टी हसली. परत पदर घेतला अन् आता तशीच बसून राहिली. मी म्हनलं, ताई काढ ना पदर. ती पदराच्या आतून म्हने, गप राह्य. पोट्टी एक घडी पाहत राहिली, मंग सरकत पुढं गेली, आपल्या हातानं ताईचा पदर ओढला अन् तोंडातून आवाज काढला, "क्क." ताई म्हने, पाह्य, हे तिचं बोलनं. आपन बोललो, आता तिची पाळी, तिच्या पाळीले आपलं तोंड बंद. अन् तिनं काई बी काढलं तोंडातून का लगेच तेच तिले परत द्याचं, तिच्या डोळ्यात पाहून. असं देनंघेनं चालू राहिलं का लेकरू बोलाले लागते. उत्तर भेटलं नाई का ते म्हनते, जाऊ द्या, घरी कोनी नाई दिसत.

माह्यासाठी ते तोंड बंद ठेवनं लय जड. मी घाबरली का बोलतो, अन् घाबरलेली तं मी बाराही मईने असतो. वांगं कापाले बसली का सुरू, हे पाह्य वांगं, हे त्याचं डेख, हे टोचते, हे भेद्रं म्हंजे टमाटर, हे लाल, हे पिकलं, हे तुह्या बापाले आवडत नाई. थांबाचं राहूनच जाये. ताईनं उपाय सांगतला का एक गोठ बोलली का मनात पाच मोज. मले तीनापुढं दम निघे ना. पन एक दिवस मी वाटीखाली चमचा लपवला, म्हनलं चमचा कुठं गेला, अन् मोजत राहिली, अन् चाराले पोट्टीनं वाटी उलथी केली अन् माह्या तोंडाकडं पाहून म्हने, "त्ता." मी म्हनलं, "त्ता." ती म्हने, "त्ता." मी म्हनलं, "त्ता." अशा आमी दोघी बसलो, चुलीवर आलूची भाजी खाली लागली, सासू वावरातून आली अन् दाराशी उभी राहून म्हने, भाजी जळून राहिली अन् ह्या दोघी सभा भरवून बसल्या.

सासू वाईट नाई. तिचं म्हननं एवढंच का लेकराइसंगं बोलाचं काय असते, त्याइले समजते का. मले म्हने, माहे तीन झाले, तिघाइसंगं मी दोन वर्सं एक शब्द बोलली नाई, पाठीले बांधून निंदन केलं, झाले ना मोठे. झाले हे खरं. त्यातले एक माह्या घरचे, ते दिवसाले चार शब्द बोलते अन् त्यातला एक बॉस असते.

ताईनं हेही सांगतलं होतं का नाव कोनतं बी चालन, ढबू म्हना, पन एकच, अन् सगळ्याइनं. कानाचं मी घरात सांगतलंच नव्हतं, सांगतलं असतं तं गावात झालं असतं. नवऱ्याच्या तोंडून नुसता विषय काढला का एकच नाव पक्कं करा. चार दिवस घरात तेच चाललं. सासू म्हने, "चिमनी ठेवा, मीच पयले म्हनलं." सासरे म्हनत, ठेवा चिमनी, मी वाघोबाच म्हननार. मोठीमायले कोनी इचारलं नाई म्हनून ती रुसली, जेवली नाई, मंग तिचं ढबूही यादीत धरा लागलं. ननंदेले फोन लावला तं ती म्हने, "मी एवढं सुंदर नाव दिलंय, ते वापरा ना. तुम्ही लोक ना," अन् फोन ठेवला. पाचव्या दिवशी सगळे आपापल्या नावावर परत, अन् या गडबडीत शेजारच्या काकूनं एक आठवं काढलं.

मंग मी ठरवलं का खरं नाव मीच शिकवतो. कागदावर तेच, उद्या शाळंत तेच, ताईच्या मोबाइलात तेच. पन शिकवाचं कुठं? घरात दिवसभर सासू नाई तं मोठीमाय.

आमची न्हानी घराच्या मांगं हाय. कवाड लागते, अन् नळ सोडला का बाहीर काई ऐकू येत नाई. पयल्या दिवशी मी पोट्टीले पायावर घेतलं, तोंड उघडलं, नावाचं पयलं अक्षर ओठावर आलं अन् मी तोंड मिटून घेतलं. कडी लावली हाय का ते पाह्यलं. लावली होती. नळ अजून मोठा केला. मोठीमायले मनातल्या मनात हात जोडले, अन् पोट्टीच्या कानापाशी तोंड नेऊन फुसफुसली. आवाज निघाला नाई म्हंजे नाव घेतलं नाई, असं मी आपल्या मनाले समजावलं. पोट्टीनं गर्रकन मान वळवली. कानाले गुदगुल्या झाल्या असन. मी लोट्यानं पानी ओतलं. परत फुसफुसली, परत वळली, परत पानी. ताईनं सांगतल्यापरमानं मी थांबे, ती वाट पाहे, अन् माह्या तोंडातून नाव निघालं का ती दोन्ही हात वर करे का टाक आता पानी. पंधरा दिवस आमची ही शाळा चालली. आंघोळीले आजकाल इतका येळ काहून लागते म्हनून सासूनं इचारलं. मी म्हनलं, पोट्टीले घामोळ्या झाल्या. थंडीचे दिवस होते.

कान तपासाले मी अकोल्याले गेली, माहेरचं निमित्त करून. सासूले सांगतलं मायचे पाय दुखते. मंग मायले फोन करून सांगतलं का तुहे पाय दुखून राहिले. एसटीत बसल्यापासून मुर्तिजापूर येईलोक मी पोट्टीले खिडकीतलं एकेक सांगत गेली, बकरी पाह्य, ट्रॅक्टर पाह्य, कापसाची गाडी पाह्य, अन् प्रत्येक गोठीनंतर ओठ हालवत पाच मोजत गेली. बाजूच्या बाईनं इचारलं, ताई तुमी कोनाचा जप करता?

तिथल्या दवाखान्यात कान तपासनाऱ्या मॅडम तरुन होत्या. खोलीच्या भितीले गाद्या लावलेल्या, आपन बोललो तं आपलाच आवाज आपल्याले परका वाटे. पोट्टी माह्या मांडीवर, माय बाजूच्या खुर्चीवर, जिचे पाय अजिबात दुखत नव्हते. मॅडमनं मांगून घंटी वाजवली, पोट्टी वळली. खुळखुळा वाजवला, वळली. कुठूनतरी चिलटासारखा बारीक आवाज काढला, तिकडंही वळली. माह्या जिवात जीव येऊन राहिला होता. तेवढ्यात मॅडमनं कागदात पाहून नाव घेतलं, मोठ्यानं. नाई वळली. परत घेतलं. नाई. मॅडमच्या कपाळाले आठी पडली. मले म्हने, आई, तुम्ही मारा हाक.

सासरचं कोनी नाई, भितीले गाद्या, शब्द बाहीर जाऊ शकत नाई. तरी मी पयले दाराकडं पाह्यलं. माय म्हने, "मार ना व. अकोल्यात हाय तू."

अन् माह्या तोंडातून निघाली ती फुसफुसच. मॅडमले तं ऐकूही गेली नसन. पोट्टी मातर गर्रकन वळली, खदखदा हसली अन् दोन्ही हात वर करून अंगातला फ्रॉक ओढाले लागली. मॅडमनं इचारलं, ही काय करतीय. मी म्हनलं, आंघोळीले निघाली.

मंग मले सगळं सांगा लागलं. मॅडम आयकता आयकता खुर्चीत टेकल्या, एकडाव तोंडावर रुमाल धरला. त्याइनं अजून एक मशीन लावून पाह्यलं अन् म्हने, "कान उत्तम आहेत तिचे. तुमची कुजबूजसुद्धा ऐकू येते तिला. आता गळ्याचं बघा. तिच्या नाही, तुमच्या."

हसल्या, पन मंग रुमाल ठेवून नीट समजावूनही सांगतलं. लेकरू जिथं जे आयकते तिथं ते त्याचं. आंघोळीतच नाव घेतलं तं ती समजन का नाव म्हंजे पानी. घरभर घ्या, मोकळ्या आवाजात, चार लोकाइपुढं, जेवताना, खेळताना. अन् वर्साच्या पुढंमांगं तिचा पयला शब्द येईन, तो आला का त्याच घडीले उत्तर द्या, उत्तर नाई भेटलं तं लेकरं शब्द सोडूनही देतात. चार मईन्यानं परत आना, तवर एक तरी शब्द बोलाले पायजे, नाई तं पुढचं पाहाले लागन. पुढचं म्हंजे काय हे मी इचारलं नाई. मले एसटीत बसवून देताना माय म्हने इचाराचं होतं ना. मी म्हनलं, तू काहून नाई इचारलं. मंग मायनं खिडकीतून पोट्टीच्या हाती बिस्किटाचा पुडा देल्ला.

घरी आल्यावर माहा गळा काई सुटला नाई. म्हंजे सुटला, पन जागा पाहून. गच्चीवर कपडे वाळू घालताना मी नाव मोठ्यानं घेये. गोठ्यात घेये, तिथं बैलं काय सांगतेत कोनाले. वावरात तुरीच्या ओळीत तं मी अशी वरडे का चिमन्या उडत. पोट्टी आता दूरून वळे, हसे, सरपटत येये. पुढच्या डावाले ताईनं हाक मारली तं वळली, ताईनं मोबाइलात "हाव" दाबलं अन् मले दाखवलं. पन त्या दोघीइच्या पुढं, सासू अन् मोठीमाय, ते नाव काई निघे ना. तिथं आपलं तेच, ए.

अन् शब्द काई येये ना. बाकी सगळं आलं. चमचा आनून देये, टाळी वाजवे, बापाले टाटा करे, पंखा कुठं हाय म्हनलं का वर पाहे, माहा पदर ओढून कुक करे. त्ता होतं, क्क होतं, मधे एक ब्ब आलं अन् आठ दिवसानं गेलं. ब्बले उत्तर द्याले मी चुकली का काय, हे आठवून मी दोन दिवस रडली. वर्स झालं, चौदावा सरला, पंधरावा लागला. आता सासूलेही दिसाले लागलं. एक दिवस म्हने, चिमनी बोलत नाई व अजून, काकूचं पोट्टं मामा म्हनते. मी म्हनलं, बोलन. पन ते मी कसं म्हनलं ते मलेच माईत. अकोल्याले जाचे आठ दिवस उरले होते.

त्या दुपारची गोठ. सासू अन् मोठीमाय ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या, मी आत कनिक भिजवून राहिली होती, मधलं कवाड उघडं, दोघी मले चार हातावर दिसत होत्या. पोट्टी बाजेले धरून धरून चालत मोठीमायपाशी गेली. तिचा खांदा धरला, उभी राहिली, एकडाव डगमगली, अन् मोठीमायच्या कानापाशी तोंड नेलं. मले वाटलं आता कानातलं ओढते, मी हाक माराले तोंड उघडलं. पन तिनं ओढलं नाई.

ती फुसफुसली. मधलं एक अक्षर गिळलेलं, शेवटच्या अक्षराले थुंका उडाला, पन नाव. पुरं नाव. पोट्टीचा पयला शब्द तो.

मोठीमायच्या हातातली शेंग अर्धी सोललेली तशीच राहिली. ताट वाजवलं तरी जिले ऐकू येत नाई, तिले हे ऐकू गेलं होतं, तिनं कानावर हात ठेवला. तिच्या नवऱ्याले जाऊन लय वर्सं झाले, मायबाप तं त्याच्याही आधी गेले, तिच्या घरात तिचं नाव असं कानापाशी येऊन कोनी कधी घेतलं असन, मले नाई माईत. हसून राहिली का रडून राहिली ते माह्या जागंवरून दिसत नव्हतं. ती माह्या सासूले म्हने, "हे पोट्टी माहं नाव घेऊन राहिली व."

सासूनं सूप खाली ठेवलं, मान वळवली अन् माह्याकडं पाह्यलं. आवाज चढवला नाई. चढवला असता तं बरं झालं असतं.

"हे कोनं शिकवलं तिले?"

माहे दोन्ही हात कनकीत मनगटालोक. एक उत्तर तोंडाशी तयार होतं, ताईनं. पुरतं खोटंही नाई, ताई हाक मारतेच. पन ताईचं म्हनलं तं सासू उद्या अंगनवाडीत जाऊन तिले चार बायाइपुढं बोलन, अन् पोट्टीचं तिथं जानं बंद, अन् त्या ताईनं माह्या घरच्या भुईवर बसून पदरात तोंड घालून मले शिकवलेलं. अन् खरं सांगाव तं, जे नाव माह्या सासूनं या घरात पाय ठेवल्यापासून एक डावही ओठावर येऊ देल्लं नाई, आजारपनात नाई, भांडनात नाई, ते मी कवाडाले कडी लावून, घामोळ्याचं खोटं सांगून, रोज लेकराच्या कानात घातलं.

मी अजून ठरवूनच राहिली होती का पोट्टी वळली. एका हातानं मोठीमायचा खांदा धरलेला, अन् तोंड माह्याकडं. तिची पाळी झाली होती. आता माही. तिचे डोळे इतके मोठे झालेले, तोंड अर्धं उघडं, ती वाट पाहून राहिली होती का माय आता आपला शब्द आपल्याले परत देते. त्याच घडीले उत्तर द्या, नाई तं लेकरं सोडूनही देतात, असं मॅडम म्हनल्या होत्या, अन् ते ब्ब मी एकडाव गमावलेलं होतं. पन या शब्दाले उत्तर एकच, तेच नाव, अन् तेही फुसफुस चालत नाई, मोकळ्या आवाजात, सासूपुढं, मोठीमायपुढं.

एक सासू उत्तरासाठी थांबलेली, एक लेकरू उत्तरासाठी थांबलेलं, दोघीइले द्याचं उत्तर येगयेगळं, अन् माह्या तोंडात जीभ एकच. बायाहो, तुमी माह्या जागी असत्या तं पयले कोनाकडं पाह्यलं असतं, अन् काय बोलल्या असत्या?